रात्री अडीच वाजता कुणाला उठवायचं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन पिढ्या आज अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये काम करताहेत. या सभागृहात एमबीबीएसची मुलंमुली बरीच दिसतात. त्यांतल्या काहींचा यूएसएमएलईचा, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास सुरू असणार. काहींचे आईवडीलही सोबत आले आहेत. म्हणून मी विषय घेतला तो या मुलांच्या तिथल्या पहिल्या वर्षाचा. परीक्षा, अर्ज, मॅच (म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप), व्हिसा यांची माहिती देणारे पुष्कळ आहेत. पण तिथे पोचल्यावर, एक जुलैच्या सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवून वॉर्डात शिरल्यावर, दहा प्रकारच्या माणसांबरोबर काम करताना या मुलांची जी दमछाक होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी अमेरिकेत मेडिसिनच्या रेसिडेंटना शिकवतो. दर जुलैत ही दमछाक माझ्यासमोर घडते, आणि दर जुलैत मला वाटतं की हे आधी कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

आधी एक शंका दूर करतो. ही मुलं ज्ञानात कमी पडतात म्हणून अडखळतात का? नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा देशाबाहेर शिकून आलेल्यांचा आहे. 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. रुग्णालयात दाखल झालेले पासष्टीच्या पुढचे रुग्ण त्यात घेतले होते. परदेशी पदवीच्या फिजिशियनांकडे उपचार घेतलेल्यांत तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण 11.2 टक्के होतं, तर अमेरिकेत शिकलेल्यांच्या रुग्णांत 11.6 टक्के. फरक लहान आहे, पण झुकतं माप परदेशातून आलेल्यांकडे आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी जे बिनसतं त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ते कारण म्हणजे इतरांबरोबर मिळून काम करणं, आणि निवडीच्या वाटेवर त्याची परीक्षा कुठेच होत नाही. परदेशी पदव्यांची छाननी करणारी ईसीएफएमजी ही संस्था 1956 पासून आहे. लेखी परीक्षा होतात, इंग्रजीची होते. पूर्वी ‘स्टेप टू सीएस’ नावाची एक प्रात्यक्षिक परीक्षा असायची. रुग्णाची भूमिका करणारी माणसं समोर बसायची आणि उमेदवाराने त्यांची हकीकत घ्यायची, तपासायचं. 2020 मध्ये कोविडमुळे ती थांबली, 2021 च्या जानेवारीत कायमची बंद झाली. पण ती असतानाही खोलीत दोनच माणसं असत, डॉक्टर आणि रुग्ण. नर्स नसे, फार्मासिस्ट नसे, पहाटे झोपेतून उठवायचा वरिष्ठही नसे.

आता आपल्याकडचा वॉर्ड आठवा. केईएम घ्या, ससून घ्या, नागपूरचं मेडिकल घ्या. इमर्जन्सीचा दिवस आहे. खाटा संपल्या, दोन खाटांच्या मधे गाद्या टाकल्या. साठ रुग्णांना दोन सिस्टर. रक्त काढणार हाउसमन, सलाईन लावणार हाउसमन, वॉर्डबॉय मामा सापडला नाही तर नमुना घेऊन लॅबकडे धावणारही हाउसमनच. रिपोर्ट आणायचा त्यानेच आणि नातेवाइकांना चिठ्ठी लिहून औषध आणायला धाडायचं त्यानेच. या घाण्यातून जो निभावून नेतो, तो चांगला रेसिडेंट. लेक्चररला रात्री उठवावं लागलं नाही, ही त्याच्या कर्तबगारीची पावती. सकाळच्या राउंडला सर विचारतात, आणि सगळं झालेलं असतं. या शिक्षणाने मोठमोठे डॉक्टर घडवले आहेत आणि माझ्या मनात त्याबद्दल अपार आदर आहे. सगळं स्वतःच्या अंगावर घेणं हा तिथला सर्वांत मोठा गुण. हाच गुण विमानात बसून अमेरिकेत पोचतो, आणि तिथे त्याचा दोष होतो.

एक प्रसंग सांगतो. दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र करून सांगतो आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. मुलगा महाराष्ट्रातला, इथे मेडिसिनमध्ये एमडी होऊन गेलेला. पण तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर, इंटर्न. जुलैचा दुसरा आठवडा. रात्री अडीचला सत्तरीच्या एका बाईंचं ब्लडप्रेशर उतरू लागतं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेलेला. हा खोलीत जातो आणि एका नजरेत ओळखतो, कारण असे शेकडो रुग्ण त्याने पाहिले आहेत. तो स्वतःच रक्त काढतो, स्वतःच नळ्या घेऊन लॅबमध्ये जातो, परत येऊन कॉम्प्युटरवर अँटिबायोटिकची ऑर्डर घालतो. निदान बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर.

लॅबने नळ्या परत केल्या. तिथे रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि नळीवरचं लेबल खाटेपाशीच स्कॅन करावं लागतं. अदलाबदलीतून चुकीच्या माणसाला चुकीचं रक्त चढू नये, म्हणून हा नियम. तसं न केलेली नळी कितीही तातडीची असली तरी लॅब घेत नाही. अँटिबायोटिकची ऑर्डर नेहमीच्या रांगेत जाऊन पडली. फार्मसीतल्या माणसाला ती घाईची आहे हे ठाऊक नव्हतं. औषध कपाटातून काढून रुग्णाला देण्याचं काम नर्सचं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, ती शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाजवळ होती. तासभर गेला. सेप्टिक शॉकमध्ये तासाची किंमत काय असते हे त्या मुलाइतकं चांगलं त्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी नर्स परत आली, ब्लडप्रेशर पाहिलं आणि तिने थेट रॅपिड रिस्पॉन्स टीमला बोलावलं. ही टीम बोलावायला नर्सला डॉक्टरची परवानगी लागत नाही. 2004 च्या अखेरीस अमेरिकेत एक लाख जीव वाचवण्याची मोहीम निघाली, तेव्हापासून ही पद्धत तिथल्या रुग्णालयांमध्ये झपाट्याने पसरली. पाच मिनिटांत खोलीत सहा माणसं. बाई वाचल्या.

सकाळी मुलगा माझ्यासमोर बसला तेव्हा दोन गोष्टींनी दुखावला होता. नर्सने आपल्या डोक्यावरून जाऊन टीम बोलावली, म्हणजे आपला अपमान केला, ही एक. आणि सीनियर रेसिडेंटने विचारलं, “मला का नाही उठवलंस?” ही दुसरी. तो म्हणाला, “सर, मला येत होतं. मग उठवायचं कशाला?”

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर त्याला तोवर कुणीच दिलेलं नव्हतं. आपल्याकडे वरिष्ठाला हाक मारली तर हात टेकले असा अर्थ निघतो. तिथे हाक मारणं हा कामाचाच भाग असतो. येत असलं तरी सांगायचं, कारण ‘येत आहे’ हे ठरवणारा एकटा तू नाहीस. शिवाय एका माणसाला सगळं येत असलं तरी एका माणसाला सगळं करता येत नाही, अशीच ती सगळी व्यवस्था बांधलेली आहे. अँटिबायोटिक वेळेत पोचवायला चार माणसं लागतात, आणि त्या चारही जणांना एकच गोष्ट एकाच वेळी कळावी लागते.

ही व्यवस्था अशी का झाली, हे इथल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. 1984 च्या मार्चमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात ताप आणि अस्वस्थपणा घेऊन रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. ती मनोविकारावरचं फेनेल्झीन घेत होती, आणि तिला रात्री मेपेरिडीन दिलं गेलं, म्हणजे आपण ज्याला पेथिडीन म्हणतो ते. ही दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात. तिला पाहणारे दोघंही शिकाऊ डॉक्टर होते. इंटर्नवर त्या रात्री आणखी कितीतरी रुग्णांचा भार होता आणि वरिष्ठ फक्त फोनवर. मुलीचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. त्यांनी हे प्रकरण सोडलं नाही. त्यातून बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1989 पासून न्यूयॉर्क राज्यात रेसिडेंटच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. 2003 मध्ये ती देशभर लागू झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते ऐंशी तास. पण बेल यांचा खरा भर होता तो देखरेखीवर: शिकाऊ डॉक्टर रात्री एकटा पडता कामा नये. आमच्या त्या मुलाला विचारला गेलेला ‘मला का नाही उठवलंस’ हा प्रश्न या इतिहासातून आलेला आहे.

तास कमी झाले आणि एक नवं संकट उभं राहिलं. पूर्वी एकच डॉक्टर छत्तीस तास रुग्णाजवळ असे. आता दिवसात दोनदा, तीनदा रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला. प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. मग सांगण्याची पद्धत बांधावी लागली. लहान मुलांच्या नऊ रुग्णालयांमध्ये ‘आय-पास’ नावाची हँडओव्हरची पद्धत वापरून पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्या पद्धतीतली शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याने ऐकलं, त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. आपल्या मुलांना इथेच अवघड जातं. मोठ्यांनी सांगितलेलं आपण मान हलवून घेतो. उलट बोलून दाखवलं तर लक्ष नव्हतं असं वाटेल, किंवा उद्धटपणा वाटेल. तिथे मान हलवली की सांगणारा अस्वस्थ होतो. याला काय कळलं आणि काय नाही, हे त्याला समजतच नाही.

फोनवर तर मान हलवलेलीही दिसत नाही. औषध दिवसातून किती वेळा द्यायचं हे सांगणारी इथली ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही भाषा तिथे चालत नाही. ‘ओडी’ म्हटलं की नर्सला ओव्हरडोस ऐकू येतं. पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनॅलिन तिथे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. ही यादी पंधरा दिवसांत पाठ होते, तिची मला काळजी नाही.

काळजी आहे ती गप्प बसण्याची. सीनियरच्या हातून काही निसटतं आहे हे इंटर्नला दिसतं, आणि तो बोलत नाही. तिथल्या संरक्षण खात्याने आणि आरोग्य खात्याच्या एका संस्थेने मिळून 2006 मध्ये ‘टीमस्टेप्स’ नावाचा प्रशिक्षणक्रम काढला. त्यात चढत्या क्रमाने तीन वाक्यं शिकवतात: मला काळजी वाटते, मला हे बरोबर वाटत नाही, यात रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिसरं वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की सगळ्यांनी थांबायचं, मग तो सफाई कामगार का असेना. मुलं ही वाक्यं पाठ करतात, सरावात म्हणूनही दाखवतात. खऱ्या वॉर्डात खऱ्या अटेंडिंगसमोर, म्हणजे युनिटच्या वरिष्ठ डॉक्टरसमोर, ओठ शिवले जातात.

इथे अनेक जण चटकन म्हणतात की हा संस्कृतीचा प्रश्न, भारतीय मुलं वरिष्ठांना घाबरतात. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं झाकलं जातं म्हणून मला ते खटकतं. यातल्या बऱ्याच मुलांचा जे-वन व्हिसा त्या प्रशिक्षणाच्या जागेशी बांधलेला असतो आणि त्याच्या प्रायोजकत्वाचं दर वर्षी नूतनीकरण होतं. जागा गेली तर देश सोडावा लागतो. बरोबर शिकणाऱ्या अमेरिकन मुलाने अटेंडिंगला प्रश्न विचारला आणि अटेंडिंग नाराज झाला, तर त्याचा एक दिवस वाईट जातो. आपल्या मुलाला त्या नाराजीच्या टोकाला परतीचं तिकीट दिसतं, आणि बापाने काढलेलं कर्ज दिसतं. अशा माणसाला ‘धीटपणे बोल’ असं सांगून शिक्षकाचं काम संपत नाही. त्याच्या बोलण्याची किंमत आधी शिक्षकाने कमी करायला हवी. मी माझ्या सहकाऱ्यांशी यावर भांडत आलो आहे. मूल्यमापनाच्या अर्जात ‘पुढाकार कमी, फार शांत’ असं लिहिणं सोपं असतं. त्या शांततेमागे काय आहे हे विचारायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढी बहुतेकांना मिळत नाहीत.

शिवाय टीम म्हणजे काही फक्त नव्या माणसाने जुळवून घ्यायची गोष्ट नव्हे. उच्चार ऐकून फोन दुसऱ्याला द्यायला सांगणारे असतात. ‘आम्हाला इथला डॉक्टर हवा’ असं तोंडावर म्हणणारे रुग्ण असतात, आणि त्या वेळी खोलीतला सीनियर काय करतो यावर त्या इंटर्नचं पुढचं सगळं वर्ष ठरतं. तो सीनियर शांतपणे म्हणाला की हेच तुमचे डॉक्टर आहेत, तर मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागतो. तो खाली पाहत राहिला, तर मुलाला कळतं की आपण टीममध्ये नाही, टीमच्या कडेला आहोत. असे दोन्ही प्रकारचे सीनियर मी पाहिले आहेत.

नर्सबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक खटके तिथेच उडतात. तिथली नर्स बहुधा चार वर्षांची पदवी घेऊन आलेली असते. साध्या वॉर्डात तिच्याकडे चार-पाच रुग्ण असतात, आणि औषध देण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्या स्वतःच्या परवान्यावर असते. ऑर्डर पटली नाही तर प्रश्न विचारणं हे तिचं कर्तव्य आहे. फार्मासिस्टचंही तसंच. किडनीचं काम मंदावलेल्या रुग्णाला व्हँकोमायसिनचा डोस किती द्यायचा, यासाठी तो फोन करतो, तेव्हा तो तुमची परीक्षा घेत नसतो. पण साठ रुग्णांना दोन सिस्टर असलेल्या वॉर्डातून आलेल्या मुलाने, सिस्टरने ऑर्डरवर प्रश्न विचारलेला कधी ऐकलेलाच नसतो. विचारायला आपल्या सिस्टरला श्वास घ्यायची फुरसत तरी कुठे होती? एका मुलीला मी सांगितलं की रोज शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाच्या नर्सला शोधून, आज मी अमुक करणार आहे, तुला काय दिसतंय, एवढं विचार. महिन्याभराने ती म्हणाली की रात्रीचे फोन निम्म्यावर आले. नर्सला आधीच माहीत होतं की डॉक्टरच्या मनात काय आहे.

इथे मराठी श्रोत्यांना जवळचं वाटेल असं एक नाव घेतो. सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे हे महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यातले शेतकऱ्याचे पुत्र. भारतात डॉक्टर होऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे ओहायोतल्या अथेन्स या लहानशा गावात युरॉलॉजिस्ट म्हणून स्थिरावले. मुलाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची एकोणीस मुद्द्यांची यादी तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं. आठ शहरांतल्या रुग्णालयांमध्ये ती वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीही होतं. 2009 च्या जानेवारीत निष्कर्ष आले: गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर. या यादीत अँटिबायोटिक दिलं का, डावी बाजू की उजवी, असे मुद्दे आहेतच. पण एक मुद्दा असा आहे की ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं, तो मधे काही चुकताना दिसलं तर पुन्हा उघडण्याची शक्यता वाढते. सर्जनच्या मोठेपणाला यात कुठेही धक्का लागत नाही. मी माझ्या राउंडला हे करतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं, आणि या महिन्यात मला कशाची धास्ती आहे तेही सांगायचं. सुरुवात मी करतो. परदेशातून आलेली मुलं तिसऱ्या भागाला आधी बिचकतात, आणि मग एखादा सांगतो की मला फोनवरचं इंग्रजी कळत नाही. त्या दिवसापासून नर्स त्याला महत्त्वाचं काही फोनवर न सांगता समोर येऊन सांगतात.

आता इथल्या कॉलेजांविषयी. ही मुलं तिथे गेल्यावर शिकतीलच, पण जी जाणार नाहीत, जी यवतमाळला, सांगलीला, रत्नागिरीला काम करणार आहेत, त्यांच्या रुग्णांनी काय पाप केलं? 2019 पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलं: वृत्ती, नैतिकता आणि संवाद. पाऊल चांगलं आहे. पण त्यातला संवाद मुख्यतः डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला. सिस्टरशी, फार्मासिस्टशी, लॅबमधल्या तंत्रज्ञाशी कसं बोलायचं, आणि वरिष्ठाला रात्री कसं उठवायचं, यासाठी पुरेसे तास मला कुठे दिसत नाहीत. आणि ते तास वर्गात घेऊन भागणारही नाही. मुलं वर्गात जे ऐकतात ते विसरतात. युनिटचे सर सिस्टरशी कसं बोलतात ते पाहतात आणि जन्मभर तसंच बोलतात. पंधरा हाउसमनच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या सिस्टरला सरांनी पुढे बोलावून, रात्री या पेशंटचं काय झालं ते तुम्ही सांगा, असं एकदा म्हटलं, तर त्या पंधरा जणांचं शिक्षण तिथेच सुरू होतं. साठ रुग्णांना दोन सिस्टर हे गणित बदलायला सरकारला पैसे खर्च करावे लागतील, आणि ते करायला लावण्यासाठी आपण सगळ्यांनी आवाज उठवायला हवा. सिस्टरला पुढे बोलावण्यासाठी मात्र कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

इथे काही प्राध्यापक बसले आहेत, म्हणून एक गोष्ट मागून घेतो. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राउंडच्या आधी, रात्रीच्या हाउसमनने दिवसाच्या हाउसमनला एकेक रुग्ण सांगायचा: किती आजारी आहे, काय झालं, काय करायचं राहिलंय, बिघडलं तर काय करायचं. ऐकणाऱ्याने ते परत सांगायचं. सिस्टर तिथे हजर असाव्यात आणि त्यांनी मधे बोलावं. रात्री लेक्चररना उठवलं असेल, तर का उठवलं हे त्या हाउसमनने सगळ्यांसमोर सांगावं, आणि लेक्चररनी सगळ्यांसमोर त्याला ‘बरं केलंस’ म्हणावं. एका युनिटने सहा महिने हे करून पाहावं. काय झालं ते मला कळवा. मी तिथल्या माझ्या रेसिडेंटना ते वाचून दाखवीन.